कमोडोर, स्पेक्ट्रम की बीबीसी मायक्रो? आकड्यांच्या तक्त्यात न सापडणारं उत्तर

२०२५ सालच्या जुलैमध्ये कमोडोर हे जुनं नाव पुन्हा बाजारात आलं आणि १९८२ च्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाची नवी आवृत्ती जाहीर झाली. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने ६५०२ या प्रोसेसरसाठी १९७० च्या दशकात लिहिलेल्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेचा मूळ कोड सर्वांसाठी खुला केला. ज्यांनी हे संगणक कधी पाहिलेलेच नाहीत, त्यांना या बातम्यांचं कोडं पडणं साहजिक आहे. ६४ किलोबाइट मेमरीत आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा मावत नाही. मग अशा यंत्रासाठी आजही नवे प्रोग्रॅम का लिहिले जातात? आणि कमोडोर चांगला की स्पेक्ट्रम, या प्रश्नावर चाळीस वर्षांनंतरही माणसं इतक्या तळमळीने का वाद घालतात?

हा वाद बहुतेक वेळा प्रोसेसरचा वेग, रंगांची संख्या, आवाजाची चिप अशा आकड्यांवर चालतो. मला तो निकष अपुरा वाटतो. एखादा जुना संगणक किती मोलाचा ठरला हे ठरवताना मी आधी दोन गोष्टी बघतो: बनवणाऱ्याने त्याच्या पोटातलं किती उघडपणे सांगितलं, आणि ते यंत्र किती वर्षं जसंच्या तसं राहिलं. प्रोग्रॅमरांचा गोतावळा या दोन गोष्टींवर उभा राहतो. पण तिथे पोचायला आधी यंत्रांची ओळख हवी.

तीन यंत्रं, तीन स्वभाव

बीबीसी मायक्रो डिसेंबर १९८१ मध्ये आला. ब्रिटनमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तो बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी बनवला होता. २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर, मॉडेल बी मध्ये ३२ किलोबाइट मेमरी आणि सुरुवातीची किंमत ३३५ पौंड. महागच. पण सरकारने शाळांना खरेदीसाठी निम्मा खर्च दिला, आणि ब्रिटिश शाळांच्या वर्गावर्गांत तो दिसू लागला.

त्याच केंब्रिजमधून एप्रिल १९८२ मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम काढला. १६ किलोबाइटचा १२५ पौंडांना, ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना. रबरी बटणं, ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर आणि किंमत खाली ठेवण्यासाठी जे जे वगळता येईल ते वगळलेलं.

कमोडोर ६४ अमेरिकेतला. जानेवारी १९८२ मध्ये दाखवला गेला, ऑगस्टपासून विकला जाऊ लागला, किंमत ५९५ डॉलर. ६४ किलोबाइट मेमरी त्या किमतीत तेव्हा दुसरा कोणी देत नव्हता. कमोडोरला ते जमलं, कारण मॉस टेक्नॉलॉजी ही चिप बनवणारी कंपनी तिने १९७६ मध्येच विकत घेतली होती. चित्राची आणि आवाजाची चिप घरच्या घरीच तयार झाली.

विक्रीच्या बाबतीत फारसा वाद नाही. कमोडोर ६४ किमान सव्वा कोटी विकला गेला, स्पेक्ट्रम ५० लाखांहून अधिक, बीबीसी मायक्रो सुमारे १५ लाख.

मेगाहर्ट्झची तुलना फसवी का?

प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला किती ठोके देतं, ते म्हणजे मेगाहर्ट्झ. १ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख ठोके. स्पेक्ट्रमचं घड्याळ ३.५ मेगाहर्ट्झचं, कमोडोरचं जेमतेम १ मेगाहर्ट्झचं. म्हणजे स्पेक्ट्रम साडेतीन पट वेगवान? स्पेक्ट्रमचे चाहते हेच सांगत आले आहेत.

पण एका कामाला किती ठोके लागतात ते प्रत्येक प्रोसेसरचं वेगळं असतं. एक साधा आकडा प्रोसेसरमध्ये घ्यायला झेड८० ला ७ ठोके लागतात, कमोडोरमधल्या ६५१० ला, म्हणजे ६५०२ च्याच जरा बदललेल्या रूपाला, २. मायक्रोसेकंदांत मोजलं तर दोघांनाही जवळपास २ मायक्रोसेकंदच लागतात, कोणीच पुढे नाही. दोन बाइटच्या दोन संख्यांची बेरीज बघा. संख्या आधीच प्रोसेसरच्या आत असतील तर झेड८० ती ११ ठोक्यांत, म्हणजे ३ मायक्रोसेकंदांत करतो. ६५१० ला एका वेळी एकच बाइट हाताळता येतो, त्याचे साधारण २० मायक्रोसेकंद जातात. मात्र त्याच संख्या मेमरीतून आणून बेरीज परत मेमरीत ठेवायची असेल, तर झेड८० चे सुद्धा १८ मायक्रोसेकंद होतात. म्हणून दोन्हीकडचे चांगले प्रोग्रॅमर वेगवेगळ्या पद्धतीने विचार करायला शिकले. झेड८० वाला आकडे शक्य तितके प्रोसेसरच्या आत धरून ठेवतो. ६५०२ वाला मेमरीतल्या पहिल्या २५६ जागा जिवापाड जपतो, कारण तिथे त्याचा हात सर्वात लवकर पोचतो.

बीबीसी मायक्रोत कमोडोरच्याच कुळातला प्रोसेसर दुप्पट वेगाने धावतो, आणि स्क्रीनवर चित्र उमटवण्यासाठी त्याला मध्ये थांबावं लागत नाही. निव्वळ गणितात या तिघांत तो सरस आहे, यात मला शंका नाही. अडचण मेमरीची: १६ रंगांचा स्क्रीन निवडला की ३२ पैकी २० किलोबाइट एकट्या चित्रालाच जातात.

चित्र कोण काढतं?

कमोडोर आणि स्पेक्ट्रममधला खरा फरक प्रोसेसरच्या बाहेर आहे.

स्पेक्ट्रममध्ये सगळं काम प्रोसेसरच्या अंगावर पडतं. स्क्रीन २५६ बाय १९२ ठिपक्यांचा, पण रंग ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून दोनच. लाल माणूस हिरव्या झाडासमोरून गेला की त्याच्या भोवतीचं झाडही लाल होतं. रंगांच्या या सरमिसळीमुळे मेमरी मात्र वाचली: पूर्ण रंगीत स्क्रीन ६,९१२ बाइटमध्ये बसतो. आता हा स्क्रीन सरकवायचा झाला तर ६,१४४ बाइट एकेक करून हलवायचे. झेड८० च्या खास सूचनेने प्रत्येक बाइटला २१ ठोके, म्हणजे एकूण १,२९,०२४. स्क्रीन एकदा रंगवून होईपर्यंत घड्याळाचे ठोके पडतात फक्त ६९,८८८. म्हणजे साध्या मार्गाने गेलात तर एकट्या सरकवण्यातच जवळपास दोन चित्रांचा वेळ संपतो, खेळ चालवायला काही उरतच नाही.

कमोडोरमध्ये व्हिक-टू नावाची चित्राची चिप हे काम स्वतः करते. तिच्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपला हुकूम देण्याच्या जागेत, ० ते ७ यांपैकी एक आकडा टाकला की अख्खा स्क्रीन तितके ठिपके सरकतो. पार्श्वभूमीला धक्का न लावता फिरणाऱ्या आठ आकृत्या, ज्यांना स्प्राइट म्हणतात, त्याही तीच सांभाळते. आवाजासाठी बॉब यान्स यांनी रचलेली सिड चिप आहे: तीन स्वतंत्र सूर आणि ध्वनीचा पोत बदलणारा फिल्टर. स्पेक्ट्रमकडे मूळ रूपात एकच स्पीकर होता, चालू किंवा बंद. त्यातून सूर काढायचा तर प्रोसेसरने बाकी सगळं सोडून तो उघडझाप करत बसायचं.

यावरून कमोडोर जिंकला असं वाटेल, आणि खेळांपुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण प्रत्येक ठिपक्याचा हिशेब मांडून त्रिमितीय दृश्य उभं करायचं असेल तर सरकवणारी रजिस्टरं आणि स्प्राइट फारसे कामाला येत नाहीत. तिथे प्रोसेसरचा दम लागतो आणि स्पेक्ट्रम, बीबीसी पुढे सरकतात. एलिट हा अंतराळातल्या व्यापाराचा गाजलेला त्रिमितीय खेळ १९८४ मध्ये आधी एकॉर्नच्याच यंत्रांवर आला, याचं मला नवल वाटत नाही.

दुबळ्या बेसिकने काय शिकवलं

तिन्ही संगणक चालू केले की थेट बेसिक भाषेचा स्क्रीन समोर येतो. इथे कमोडोर सर्वात मागे आहे. स्पेक्ट्रमवर वर्तुळ काढायला सर्कल, आवाजाला बीप असे सरळ शब्द आहेत. सोफी विल्सन यांनी लिहिलेलं बीबीसी बेसिक त्याहून कितीतरी पुढचं. त्यात नाव दिलेल्या प्रोसिजर आहेत, आणि बेसिक प्रोग्रॅमच्या मधोमध चौकटी कंस घालून असेंब्ली भाषाही लिहिता येते. असेंब्ली म्हणजे प्रोसेसरची स्वतःची भाषा, माणसाला वाचता येईल अशा छोट्या शब्दांत.

कमोडोरच्या बेसिकमध्ये चित्र किंवा आवाजासाठी एकही आज्ञा नाही. आहे तो पोक. मेमरी म्हणजे ६५,५३६ कप्प्यांची भिंत समजा, प्रत्येक कप्प्यावर क्रमांक आणि आत ० ते २५५ पैकी एक आकडा. पोक म्हणजे अमुक कप्प्यात अमुक आकडा ठेव. यातले काही कप्पे खरे म्हणजे चिपांची रजिस्टरं असतात. ५३२८० मध्ये ० टाकला की स्क्रीनची किनार काळी होते, ५४२९६ मध्ये १५ टाकला की आवाज पूर्ण चढतो.

नवशिक्याला हे जाचक होतं आणि अनेक जण तिथेच थांबले असतील. पण जे टिकले ते पहिल्या आठवड्यातच यंत्राच्या चिपांशी थेट बोलत होते. बीबीसीवर सुबक भाषा मधे होती. शिवाय एकॉर्नचा आग्रह असा की हार्डवेअरला थेट हात लावू नका, कार्यप्रणालीच्या अधिकृत आज्ञा वापरा, म्हणजे जोडीला दुसरा प्रोसेसर लावला तरी प्रोग्रॅम चालेल. ही शिस्त दूरदृष्टीची होती. त्याच जोड-प्रोसेसरच्या सोयीवर एकॉर्नमध्ये विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी स्वतःचा प्रोसेसर घडवला. १९८५ च्या एप्रिलमध्ये चाललेल्या त्या पहिल्या आर्म चिपचे वंशज आज बहुतेक सगळ्या मोबाइलमध्ये आहेत.

माहिती कोणी दिली, कोणी दडवली

सगळ्यात जास्त बोलायला हवं ते इथे, आणि तुलनांमध्ये सर्वात कमी बोललं जातं तेही हेच.

१९८१ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टीआय-९९/४ए काढला. त्यात १६ बिटचा प्रोसेसर होता, वरच्या तिघांहून कागदावर एक पिढी पुढे. पण प्रोसेसरला थेट पोचता येईल अशी मेमरी फक्त २५६ बाइट. उरलेली १६ किलोबाइट चित्राच्या चिपमागे, तिच्यामार्फतच वाचायची. याहून घातक ठरलं ते धोरण. कार्ट्रिजवरचं, म्हणजे संगणकात खोचायच्या डबीतलं, सॉफ्टवेअर आम्हीच विकणार, या हट्टापायी बाहेरच्या प्रोग्रॅमरांना आतली माहिती मिळेनाशी केली गेली. १९८३ च्या शेवटच्या यंत्रांमध्ये तर इतरांची बरीचशी कार्ट्रिज चालणारच नाहीत अशी तजवीज होती. कमोडोरशी किमतीचं युद्ध पेटलं, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने घरगुती संगणक बंद करत असल्याचं जाहीर केलं. किमतीचं युद्ध हे मोठं कारण होतंच. पण त्या युद्धात टीआयच्या बाजूने उभं राहायला बाहेरचे प्रोग्रॅमर फार थोडे होते.

अटारीची गोष्ट शिकण्यासारखी आहे. १९७९ चे अटारी ४०० आणि ८०० चित्रांच्या बाबतीत काळाच्या पुढे होते, पण कंपनीने सुरुवातीला चिपांची माहिती हातची राखली. पुढे आतल्याच प्रोग्रॅमरांनी, ख्रिस क्रॉफर्ड यांच्या पुढाकाराने, ती सविस्तर लिहून १९८२ मध्ये पुस्तकरूपात आणली. अटारीसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ते पुस्तक वरदान ठरलं. मात्र यंत्र येऊन तोवर तीन वर्षं उलटली होती.

उलट उदाहरण ॲपल-टूचं. १९७८ च्या त्याच्या संदर्भपुस्तिकेत सर्किटचा आराखडा आणि रॉममधल्या प्रोग्रॅमची छापील यादी दोन्ही होतं. रॉम म्हणजे कारखान्यातच कोरलेली, पुसली न जाणारी मेमरी. कमोडोरने १९८२ मध्ये प्रोग्रॅमरांसाठी काढलेल्या संदर्भपुस्तकात प्रत्येक चिपच्या प्रत्येक रजिस्टरचं वर्णन होतं, आणि शेवटी सर्किटचा आराखडाही. स्पेक्ट्रमच्या डब्यातून येणाऱ्या पुस्तिकेत झेड८० च्या सगळ्या सूचनांची यादी होती. मुलाला भेट म्हणून मिळालेल्या खेळण्यासोबत! पुढच्याच वर्षी दोघा लेखकांनी स्पेक्ट्रमच्या रॉमचे १६ किलोबाइट ओळ न् ओळ उलगडून पुस्तक छापलं.

त्याला मासिकांची जोड मिळाली. मासिकात पानंच्या पानं प्रोग्रॅम छापून येत, वाचक ते टाइप करत, एका आकड्याची चूक झाली तर शोधत बसत. काही मासिकं प्रत्येक ओळीसाठी तपासणीचा अंक देत, म्हणजे चूक कुठे आहे ते कळे. या टाइप करण्यातूनच दुसऱ्याचा कोड वाचायची सवय लागली, आणि तीच पुढे गोतावळ्याची खरी पुंजी ठरली.

यंत्र बदललं नाही, म्हणून ज्ञान साचलं

आजच्या संगणकावर शोधलेली युक्ती पुढच्या वर्षीच्या यंत्रावर निरुपयोगी ठरू शकते. कमोडोर ६४ मात्र १९८२ पासून कंपनी १९९४ मध्ये बुडेपर्यंत आतून जवळजवळ तसाच राहिला. त्यामुळे एकाने शोधलेली गोष्ट सगळ्यांच्या यंत्रावर चालायची, आणि दुसरा तिच्यावर पुढचा मजला चढवायचा.

माझं आवडतं उदाहरण स्क्रीनच्या किनारीचं. कमोडोरच्या चित्राच्या वर आणि खाली एकरंगी पट्टा असतो, तिथे काही काढता येत नाही असं संदर्भपुस्तक वाचून वाटतं. पण हा पट्टा सुरू कधी होतो? व्हिक-टू चिप २४ ओळींचा स्क्रीन असेल तर २४७ व्या रेषेवर तपासते, २५ ओळींचा असेल तर २५१ व्या. समजा २४७ व्या रेषेवर स्क्रीन २५ ओळींचा होता, आणि २५१ येण्याआधी प्रोग्रॅमने तो २४ ओळींचा केला. आता दोन्ही तपासण्या हुकल्या. पट्टा सुरू करायचं चिप विसरते, आणि मनाई असलेल्या जागेत स्प्राइट फिरवता येतात. हे कोणी शिकवलं नव्हतं. ठोके मोजत, रेषा मोजत माणसांनी शोधून काढलं.

यंत्रं अगदी एकसारखी मात्र नव्हती. युरोपातला कमोडोर एका चित्राला ३१२ रेषा काढतो, अमेरिकेतला २६३, त्यामुळे ठोक्यांवर बेतलेला प्रोग्रॅम सीमा ओलांडताना मोडतो. सिडच्या नंतरच्या आवृत्तीत जुन्या चिपच्या दोषावर आधारलेली ध्वनिमुद्रित आवाजाची युक्ती जेमतेम ऐकू येते. पण हे फरक मोजके आहेत, आणि त्यांचीही नोंद झालेली आहे.

स्पेक्ट्रमचं आयुष्य आणखी वेगळ्या वाटेने लांबलं. रचना साधी असल्याने सोव्हिएत संघात आणि पूर्व युरोपात त्याच्या प्रतिकृती हाताशी असलेल्या सुट्या भागांतून बनू लागल्या. लेनिनग्राड, पेंटॅगॉन, स्कॉर्पियन ही त्यातली नावं. सिंक्लेअरने आपला संगणक व्यवसाय १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडला विकला, तरी तिकडे स्पेक्ट्रमसाठी १९९० च्या दशकातही जोमाने लिहिलं जात होतं.

‘हा गोतावळा चोरीतूनच वाढला ना?’

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. खेळांचं कुलूप तोडणारी पोरं तोडलेल्या खेळाच्या सुरुवातीला आपल्या टोळीचं नाव, हलणारी अक्षरं आणि संगीत जोडायची. हळूहळू ती झलकच जास्त महत्त्वाची झाली आणि खेळापासून सुटी झाली. त्यातून डेमोसीन जन्माला आलं, म्हणजे यंत्राकडून अशक्य वाटणारं काम करून दाखवण्याची स्पर्धा. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनची आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंद केली. मूळ कृत्याने लेखकांचं नुकसान झालं ही गोष्ट त्याने पुसली जात नाही, पण पुढे उभी राहिलेली कला स्वतःच्याच बळावर उभी आहे.

मालकांची भूमिकाही इथे महत्त्वाची. १९९९ मध्ये ॲमस्ट्रॅडने स्पष्ट केलं की स्पेक्ट्रमच्या रॉमचे हक्क आमचेच राहतील, पण इम्युलेटरसोबत ती वाटायला हरकत नाही. इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम. त्या एका परवानगीमुळे स्पेक्ट्रमच्या इम्युलेटरांचा मार्ग निर्धोक झाला. कमोडोरची मालकी मात्र दिवाळखोरीनंतर हातोहात फिरत राहिली, आणि कोणाकडे नेमके कोणते हक्क आहेत हा घोळ लोकांना वर्षानुवर्षं छळत राहिला.

‘इम्युलेटरवर शिकलेलं खरं असतं का?’

असतं. कमोडोरचा व्हाइस हा इम्युलेटर ठोक्याठोक्याने नक्कल करतो. वर सांगितलेली किनारीची युक्ती त्यावर तशीच चालते. कमोडोरची २०२५ ची नवी आवृत्ती एफपीजीए चिपवर आहे. एफपीजीए म्हणजे जिची आतली जोडणी नंतर बदलता येते अशी चिप, त्यामुळे मूळ सर्किटच पुन्हा मांडलं जातं. जुनं खरं यंत्र मिळालं तर आनंदच, पण त्यातल्या चिपा आता चाळीस वर्षांच्या आहेत आणि शिकण्यासाठी ते अडून राहायचं कारण नाही.

हत्यारंही भरपूर आहेत. आजच्या संगणकावर लिहायचं, तिथेच जुन्या प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करायचं आणि इम्युलेटरला द्यायचं, अशी पद्धत आता रूढ आहे. सी भाषेत लिहायचं असेल तर ६५०२ साठी सीसी६५ आणि झेड८० साठी झेड८८डीके आहे. यात झेड८० ला थोडा फायदा आहे. ६५०२ मध्ये आकडे धरायला फक्त तीन छोटी कामाची रजिस्टरं आणि तात्पुरत्या नोंदी रचून ठेवायला २५६ बाइटचा स्टॅक, त्यामुळे सी भाषेचा कोड त्यावर जड होतो. तिथे असेंब्लीला पर्याय नाही असं माझं मत आहे.

मग सुरुवात कुठून?

असेंब्ली म्हणजे काय हे मुळातून समजून घ्यायचं असेल तर मी बीबीसी मायक्रोचा इम्युलेटर सुचवेन. बेसिकच्या आतच असेंब्ली लिहिता येते, वेगळं काही बसवावं लागत नाही, आणि भाषा तुम्हाला अडवत नाही. थोडक्या वेळात एखादा पूर्ण खेळ हातावेगळा करायचा असेल तर स्पेक्ट्रम घ्या: चित्राची रचना सोपी, लपवाछपवी नाही, आणि त्याचे रंगांचे निर्बंध एकदा मान्य केले की पुढचं सरळ आहे. एका यंत्रात वर्षानुवर्षं बुडी मारायची तयारी असेल तर कमोडोर ६४. त्याच्यावर लिहिलं गेलेलं तांत्रिक साहित्य इतकं खोल आहे की चित्राच्या चिपचा प्रत्येक ठोका कुठे खर्च होतो याचे तक्ते मिळतात. सिडवर रचलेल्या संगीताचा पन्नास हजारांहून अधिक रचनांचा संग्रह ऐकायला आणि उलगडून बघायला मोकळा आहे.

कमोडोरवर सुरुवातीला किनारीचा रंग बदलणारा तीन ओळींचा प्रोग्रॅम आधी बेसिकमध्ये लिहा, मग तोच असेंब्लीत लिहा. बेसिकमध्ये किनारीवर रंगांचे जाड पट्टे सरकताना दिसतात. असेंब्लीत एकेका रेषेत अनेक रंग उमटतात, आणि त्या तुकड्यांची रुंदी मोजली की प्रोसेसरला तुमच्या प्रत्येक सूचनेला किती ठोके लागले ते स्क्रीनवरच वाचता येतं.